वडिलांच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलायची आहे. श्री-लिपितला मजकूर कसा वाचवावा?

प्रश्न

नमस्कार. माझे वडील निवृत्त शिक्षक असून दहिवडीला राहतात. गेली बारा वर्षे ते माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर जाऊन जात्यावरच्या ओव्या ऐकतात, वहीत उतरवून घेतात आणि घरी आल्यावर लॅपटॉपवर टाइप करतात. आजवर सुमारे तीन हजार ओव्या झाल्या आहेत. ज्या आज्यांनी त्या सांगितल्या त्यांपैकी निम्म्याहून अधिक आता हयात नाहीत, आणि सुरुवातीच्या वह्या माळ्यावर वाळवीने खाल्ल्या, त्यामुळे लॅपटॉपमधला मजकूर हीच बहुतेक ओव्यांची एकमेव प्रत आहे. बॅकअप कधी घेतला गेला नाही. ही चूक आमचीच आहे.

लॅपटॉप २०१५ सालचा आहे. पाचव्या पिढीचा इंटेल आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी ५०० जीबीची हार्ड डिस्क. घेताना त्यात विंडोज ८.१ होती, नंतर ती विंडोज १० झाली. दिवाळीपासून तो सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे लागतात, मध्येच आतून टिकटिक असा आवाज येतो आणि एखादी फाइल उघडताना सगळे काही गोठून जाते. डिस्कची प्रकृती तपासणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवून पाहिले, तर पिवळ्या रंगात 'कॉशन' असे आले. 'रीअलोकेटेड सेक्टर्स' पुढे २१८ आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' पुढे ६८ असे आकडे दिसतात. गावातल्या दुकानात दाखवल्यावर 'फॉरमॅट मारून देतो, डेटाची जबाबदारी आमची नाही' असे उत्तर मिळाले, म्हणून लॅपटॉप तसाच परत आणला.

मी ४८० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) विकत घेतली आहे आणि पुढच्या शनिवारी पुण्याहून गावी जाणार आहे. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर करावी, की विंडोज नव्याने टाकावी? विंडोजची किल्ली माझ्याकडे नाही. ती पुन्हा विकत घ्यावी लागेल का? वडिलांचा सगळा मजकूर श्री-लिपि या विंडोजवर चालणाऱ्या मराठी टाइपिंगच्या प्रोग्रॅमच्या फॉन्टमध्ये असल्यामुळे त्याचे काय होईल, ही चिंता सर्वांत मोठी आहे.

प्रतिसाद १ : लॅपटॉप दुरुस्तीचे काम, कोल्हापूर

दुकानातून लॅपटॉप परत आणलात हे उत्तम केलेत. आता वडिलांना फोन करून तो बंद करायला सांगा आणि तुम्ही पोहोचेपर्यंत पुन्हा सुरू करू देऊ नका. तुम्ही दिलेले आकडे दिसतात त्याहून मोठे आहेत, कारण क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ स्थितीत हे आकडे नेहमीच्या दशमान नव्हे, तर सोळाच्या पटीत मोजणाऱ्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत दाखवतो. तिथले २१८ म्हणजे आपले ५३६ आणि ६८ म्हणजे १०४. याचा अर्थ ५३६ सेक्टर (साठवणीचे छोटे भाग) डिस्कने आधीच निकामी ठरवून त्यांच्या जागी राखीव जागा वापरली आहे, आणि आणखी १०४ सेक्टर तिला सध्या वाचता येत नाहीत. त्या १०४ मध्ये ओव्यांचा भाग आहे की विंडोजच्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या फाइलचा, हे बाहेरून कळत नाही.

अशा डिस्कवर चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्रॅम) चालवू नका, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणे) करू नका, व्हायरस शोधण्यासाठी पूर्ण तपासणी लावू नका. या तिन्ही गोष्टी डिस्कला तासन्‌तास राबवतात, आणि चेकडिस्क तर फाइलींची रचना 'दुरुस्त' करण्याच्या नादात अर्धवट वाचता येणारी फाइल तोडूनही टाकते. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला आजही ठिकठिकाणी दिला जातो. तो ऐकू नका; बाहेर काढताच आत दव धरते.

मजकूर काढून घेताना जुनी विंडोज सुरूच करू नये, असे माझे ठाम मत आहे. विंडोज चालू असताना ती पडद्यामागे सतत त्याच डिस्कवर लिहीत आणि वाचत असते. त्याऐवजी पुण्याहूनच ८ जीबी किंवा त्याहून मोठ्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी कार्यप्रणाली) तयार करून न्या. रूफस किंवा बलेना एचर यांपैकी कोणताही प्रोग्रॅम चालेल. पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना डेल, लेनोवो आणि एसर यांच्या यंत्रांत सहसा एफ-१२, एचपीमध्ये एफ-९ आणि असुसमध्ये एस्केप दाबल्यावर कशावरून सुरू करायचे ते विचारले जाते. तिथे पेन ड्राइव्ह निवडलात की लिनक्स थेट त्यावरूनच चालते. डिस्कवर काहीही टाकावे लागत नाही. विंडोज नीट बंद झाली नसेल किंवा तिचा 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर लिनक्स तो विभाग फक्त वाचण्यासाठी उघडते किंवा तसा इशारा देते. घाबरू नका, आपल्याला वाचायचेच आहे.

एक १ टीबीची बाहेरची डिस्क सोबत ठेवा. सर्वांत आधी ओव्यांचा फोल्डर घ्या, मग फॉन्ट, मग ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे. संपूर्ण डिस्क एकदम निवडून 'कॉपी' देऊ नका; एखाद्या खराब जागी ती अडकली, तर खरी गरजेची फाइल रांगेत मागे राहते आणि तिची पाळी येण्याआधीच डिस्क मान टाकते. हे झाल्यावरच डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरून संपूर्ण डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) त्या बाहेरच्या डिस्कवर फाइल म्हणून उतरवा. तो आधी सहज वाचता येणारे सगळे भाग उचलतो, अडलेल्या जागांची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि शेवटी त्या जागांवर पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. मध्येच वीज गेली, तरी त्या नोंदीमुळे काम पुढून सुरू करता येते. याला एक रात्रही लागू शकते. मात्र टिकटिक वाढली किंवा डिस्क दिसेनाशी झाली, तर तिथेच थांबा आणि स्वच्छ खोलीत डिस्क उघडून डेटा काढून देणाऱ्या व्यावसायिकांकडे न्या. तो खर्च मोठा असतो, पण तुम्ही सांगता तो मजकूर पाहता तो योग्य ठरेल.

नक्कल की नवी विंडोज, या प्रश्नाचे उत्तर यातच आले. ५०० जीबीची डिस्क ४८० जीबीच्या डिस्कवर जशीच्या तशी बसत नाही, आणि विभाग लहान करून बसवली तरी न वाचता आलेल्या १०४ सेक्टरांच्या जागी भोके असलेली विंडोज तुम्ही नव्या डिस्कवर नेणार. विंडोज नव्यानेच टाका.

प्रत्यक्ष डिस्क बदलणे हे यातले सर्वांत सोपे काम आहे. चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर ती काढा आणि पॉवरचे बटण पंधरा सेकंद दाबून धरा. काही यंत्रांत डिस्कसाठी तळाला वेगळे झाकण असते. नसेल तर पूर्ण तळ उघडावा लागतो, आणि तेव्हा एक-दोन स्क्रू रबरी पायांखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्ह सरकवून काढल्यावर तिच्या कप्प्यात सापडतात. झाकण अडले तर जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिलेला असतो. तळ उचलताना तो झटक्याने ओढू नका, कारण काही यंत्रांत कागदासारख्या पातळ पट्टीच्या वायरी झाकणाला जोडलेल्या असतात. जुन्या डिस्कच्या बाजूची पत्र्याची चौकट किंवा रबरी पट्ट्या काढून त्याच नव्या डिस्कला लावा. नवी एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असेल आणि जुनी डिस्क साडेनऊची, तर ती चौकटीशिवाय कप्प्यात हलत राहते आणि जोडणी सैल होते.

प्रतिसाद २ : मुंबई

किल्लीबद्दल काळजी नसावी. या लॅपटॉपवर विंडोज १० एकदा सक्रिय झालेली आहे, आणि तो परवाना हार्ड डिस्कशी नव्हे, तर मदरबोर्डशी बांधलेला असतो. विंडोज टाकताना किल्ली मागितली, तर 'माझ्याकडे किल्ली नाही' हा पर्याय निवडा. इंटरनेट जोडल्यावर ती आपोआप सक्रिय होते. अट एकच, आवृत्ती तीच असली पाहिजे. भारतात त्या काळी विकल्या गेलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत 'होम सिंगल लँग्वेज' असे आणि तिच्या जागी चुकून 'प्रो' टाकली की परवाना जुळत नाही. सिंगल लँग्वेज म्हणजे पडद्यावरची भाषा एकच. मराठी टाइप करण्याला त्यामुळे कोणतीही अडचण येत नाही.

परंतु विंडोज १० ला मिळणारा सुरक्षा अद्यतनांचा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, हे विचारात घ्यावे. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने नावनोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली. पाचव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, ती यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. अटींना वळसा घालून ११ टाकता येते, पण अशा यंत्रांना अद्यतने मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि वयस्कर माणसाच्या रोजच्या वापराच्या यंत्रावर मी तसे करणार नाही. माझ्या मते लिनक्स मिंट हा सरळ उपाय आहे. तिच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार आहे, ४ जीबी रॅमवर ती व्यवस्थित चालते आणि मराठीसाठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाणित कळफलक) आणि उच्चारानुसार टाइप करण्याची, अशा दोन्ही पद्धती तिच्यात मिळतात.

प्रतिसाद ३ : डीटीपी आणि मुद्रितशोधन, पुणे

लिनक्सचा सल्ला सद्भावनेने दिलेला आहे, पण या प्रकरणात तो अपुरा आहे. मी पंचवीस वर्षे श्री-लिपि आणि पेजमेकरवर पुस्तके जुळवत आलो आहे, म्हणून फॉन्टविषयी थोडे सविस्तर लिहितो.

श्री-लिपिचे जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला सर्व यंत्रांवर एकच संकेत देणारी पद्धत) नाहीत. त्यांत रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात: कुठे अर्धा त, कुठे काना, कुठे रफार. फाइलमध्ये साठवलेली असतात ती रोमन अक्षरेच; त्यांवर मराठीचे रूप चढवण्याचे काम फॉन्ट करतो. त्यामुळे ओव्यांच्या सगळ्या फाइली सुखरूप आल्या आणि फॉन्ट मागे राहिला, तर उघडल्यावर दिसेल ती अर्थहीन रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग. दरवर्षी दोन-तीन जण माझ्याकडे अशा फाइली घेऊन येतात. जुना संगणक भंगारात दिलेला असतो आणि कोणत्या आवृत्तीचा कोणता फॉन्ट होता हे कोणालाच आठवत नाही. श्री-लिपिच्या वेगवेगळ्या मालिकांत तुकड्यांच्या जागाही सारख्या नसतात, त्यामुळे जवळपासचा फॉन्ट लावून भागत नाही. तेव्हा फॉन्ट हाही तुमच्या वडिलांच्या मजकुराचाच भाग आहे असे समजा.

सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातला 'फॉन्ट्स' हा संपूर्ण फोल्डर उचला. विंडोजमधून पाहिले तर तो वेगळ्या रूपात दिसतो आणि लोक गोंधळतात. लिनक्समधून मात्र त्यातल्या साध्या फाइली दिसतात, हा पहिल्या प्रतिसादातल्या पद्धतीचा मोठा फायदा आहे. विंडोज १० मध्ये एखाद्याने फॉन्ट फक्त स्वतःच्या खात्यापुरता बसवला असेल, तर तो तिथे नसतो. तो वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात, लपवलेल्या 'ॲपडेटा'मध्ये मायक्रोसॉफ्टच्या फोल्डराखाली सापडतो. तोही घ्या. श्री-लिपिची मूळ सीडी, तिचा क्रमांक आणि सोबत यूएसबी लॉक मिळाला असेल तर तो, हे सगळे शोधून एका पाकिटात घाला. वडिलांनी टाइप करताना कोणता कळफलक निवडला होता, तेही त्यांना विचारून लिहून ठेवा. टंकलेखन यंत्रावर बसलेला त्यांच्या पिढीचा हात इनस्क्रिप्टवर सहजी वळत नाही.

म्हणून विंडोज १० टाकाच, श्री-लिपि तिच्यावर बसवा आणि फाइली फॉन्टसह नीट दिसू लागल्या की सर्वांत आधी प्रत्येक फाइलची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जातो, त्यामुळे उद्या कोणत्याही यंत्रावर मजकूर वाचता येईल आणि पुढे युनिकोडमध्ये आणल्यावर ताडून पाहायला आधारही राहील. विंडोज १० ला अद्यतने मिळत नसल्यामुळे इंटरनेटचा वापर मात्र लिनक्सवरून करावा. ४८० जीबीत दोन्ही सुखाने नांदतात.

प्रश्नकर्त्याचे निवेदन

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी रात्री काम सुरू केले. लिनक्समधून ओव्यांच्या ६४० फाइलींपैकी ६३६ निर्वेध आल्या, दोन्ही ठिकाणचे फॉन्टही आले. उरलेल्या चार फाइलींवर डिस्क टिकटिक करत अडत होती, म्हणून त्या तशाच सोडून डीडीरेस्क्यू लावला. पहाटेपर्यंत प्रतिमा तयार झाली आणि तिच्यातून चारांपैकी तीन फाइली पूर्ण उघडल्या. चौथीचा शेवटचा भाग नाही. ती फाइल वडिलांनी २०१९ मध्ये मला ईमेलने पाठवली होती, पण त्यानंतर तिच्यात भर घातलेली सुमारे दोन पाने गेली.

रविवारी डिस्क बदलली. डीव्हीडीच्या कप्प्यातले दोन स्क्रू तुमच्यामुळेच सापडले. आता विंडोज टाकताना 'या डिस्कवर एमबीआर पद्धतीचा विभाग-तक्ता आहे, म्हणून येथे विंडोज टाकता येत नाही' या अर्थाचा संदेश येतो. एसएसडी नीट आहे ना हे पाहण्यासाठी मी पुण्यात ती मित्राच्या संगणकाला जोडून तिथे विभाग पाडले होते. त्यामुळे हे झाले असेल का? नवी डिस्क बदलून घ्यावी लागेल का?

प्रतिसाद ४ : लॅपटॉप दुरुस्तीचे काम, कोल्हापूर

डिस्क उत्तम आहे. मित्राच्या संगणकावर तिला जुन्या पद्धतीचा (एमबीआर) तक्ता मिळाला आणि तुमचा लॅपटॉप यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होत असल्यामुळे त्याला जीपीटी हा नव्या पद्धतीचा तक्ता लागतो, इतकेच.

पुढचे पाऊल टाकण्याआधी ओव्या असलेली बाहेरची डिस्क लॅपटॉपपासून काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. विंडोज टाकताना दोन डिस्क दिसत असल्या, की थकलेला माणूस चुकीची निवडतो. मी हे माझ्या टेबलावर घडताना पाहिले आहे. त्यानंतर, कुठे विंडोज टाकायची हे विचारणाऱ्या पडद्यावर नव्या डिस्कवरचा प्रत्येक विभाग 'डिलीट' करा, रिकामी जागा निवडा आणि पुढे जा. विंडोज हवा तो तक्ता स्वतःच तयार करते. तरीही संदेश आला, तर शिफ्ट आणि एफ-१० दाबून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत डिस्कपार्ट या प्रोग्रॅममधून डिस्क निवडून 'क्लीन' ही आज्ञा द्या. ती पुन्हा न विचारता सगळे पुसते, म्हणून निवडलेल्या डिस्कचा आकार ४४७ जीबी दिसतो ना हे आधी पाहा. कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते, म्हणून ४८० चे ४४७ होतात.

बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन 'लेगसी' म्हणजे सुरू होण्याची जुनी पद्धत चालू करा असेही कोणी सुचवेल. तसे केल्यास काम होते, पण नंतर लिनक्स शेजारी बसवताना दोघांच्या पद्धती जुळत नाहीत आणि नवीच डोकेदुखी सुरू होते. विंडोज आधी टाका, लिनक्स नंतर. रॅम वाढवायची झाली, तर या पिढीच्या लॅपटॉपांत सहसा डीडीआर-३एल प्रकारची लागते, डीडीआर-४ त्या खाचेत बसतच नाही. घेण्याआधी जुनी पट्टी काढून तिच्यावरची अक्षरे वाचा.

प्रश्नकर्त्याचे निवेदन

विभाग पुसताच विंडोज बसली आणि किल्ली न मागता सक्रिय झाली. लॅपटॉप आता वीस-बावीस सेकंदांत सुरू होतो. श्री-लिपि बसवून पहिली फाइल उघडली, तेव्हा ओव्या जशाच्या तशा दिसल्या आणि वडील खुर्ची ओढून तिथेच वाचत बसले. सगळ्या फाइलींच्या पीडीएफ केल्या आहेत. एक संच पुण्याला माझ्याकडे, एक दहिवडीला कपाटात आणि एक ऑनलाइन ठेवला आहे. जुन्या डिस्कवर तारीख आणि 'खराब, पुसू नये' अशी चिठ्ठी लावून ती वेगळी ठेवली आहे.

गेलेल्या दोन पानांतल्या ओव्या मलवडीच्या एका आजींच्या होत्या. त्या गेल्या, पण त्यांच्या सुनेला बऱ्याच पाठ आहेत, असे वडील म्हणतात. येत्या आठवड्यात ते तिकडे जाणार आहेत. एक शेवटचा प्रश्न : रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने एक फाइल युनिकोडमध्ये आणून पाहिली, तर बराचसा मजकूर बरोबर आला, पण काही शब्द विचित्र झाले. हे माझ्याकडून काही चुकल्यामुळे झाले का?

प्रतिसाद ५ : डीटीपी आणि मुद्रितशोधन, पुणे

तुमचे काही चुकलेले नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते त्याप्रमाणे अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे याच्या उलट आहे, तो तिकडे अक्षरानंतर येतो आणि इकडे आधी. जोडाक्षर आले की ही अदलाबदल करताना प्रोग्रॅम चुकतात. 'वऱ्हाड', 'दुसऱ्या' अशा शब्दांतला अर्धा र हमखास बिघडतो, आणि ओव्यांत तर बोलीतली रूपे असल्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमचाही उपयोग होणार नाही, उलट तो 'म्या' आणि 'व्हतं' यांना चूक ठरवील.

प्रत्येक फाइल पीडीएफशेजारी ठेवून ओळीन ओळ वाचावी लागेल. एका बैठकीत पन्नासहून अधिक ओव्या घेऊ नका, त्यानंतर डोळा चुका सोडू लागतो. शक्य असेल तर वडिलांनी पीडीएफवरून मोठ्याने वाचावे आणि तुम्ही युनिकोडची प्रत पाहावी. छापखान्यात आम्ही मुद्रिते अशीच तपासत असू. आणि मलवडीला जाताना वडिलांसोबत मोबाइलचा ध्वनिमुद्रक चालू ठेवा, म्हणजे सुनेच्या तोंडचा पाठ वेगळा निघाला तर दोन्ही पाठ हाती राहतील.